शेपटीचं फडकं

एका जंगलात, बाळांनो, एक गुऱ्हाळ होतं.

हसू नका. तुमच्या पुस्तकातल्या जंगलात सिंह दरबार भरवतो, कोल्हा वकिली करतो, ते तुम्हाला चालतं. मग माझ्या जंगलात अस्वलानं उसाचा रस काढला तर बिघडलं कुठे? गप्प बसून ऐका.

गुऱ्हाळ अस्वलअण्णांचं होतं. मधोमध चरक. चरकाला एक गवा जुंपलेला. तो दिवसभर गोल गोल फिरायचा. आपण कुठेच पोचत नाही हे त्याला कळू नये म्हणून त्याच्या डोळ्यांवर ढापणं बांधलेली असायची. गवा फिरला की चरकाचे जाडजूड रूळ फिरायचे आणि वानरं त्या रुळांत ऊस सारायची. एका बाजूनं रस पडायचा, दुसऱ्या बाजूनं चिपाडं. रस जायचा काहिलीत. काहील म्हणजे तुमचा अख्खा वर्ग मावेल एवढी मोठी कढई. खाली चुलवाण पेटलेलं. रस उकळायचा, आटायचा आणि त्याचा गूळ व्हायचा. तोंडाला पाणी सुटलं ना? पुसा ते. गोष्ट पुढे कडू आहे.

चरकात ऊस घालणाऱ्यांत सोनकी नावाची एक वानरीण होती. तिला एक पिल्लू होतं. पिल्लाचं नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं, कारण सोनकी सकाळी कामावर यायची ती अंधार पडता पडता सुटायची. ते पिल्लू जवळच्या जांभळीवर बसून आईची वाट बघायचं. त्याला एक खोड होती. झोपताना, झाडावर चढताना, मोठ्यानं वीज कडाडली की, त्याला आईच्या शेपटाचं टोक मुठीत लागायचं. तुम्ही आईचा पदर धरता ना, तसं. ते टोक हातात असलं की पिल्लू वाऱ्यानं हलणाऱ्या फांदीवरसुद्धा खुशाल झोपायचं.

सोनकीचा सासरा होता आबा. आबाला शेपूट नव्हतं. फार वर्षांपूर्वी ते चरकात गेलं. तेव्हा जंगलात मोठी बोंबाबोंब झाली. वानरांनी हातातले ऊस खाली ठेवले आणि ती झाडांवर जाऊन बसली. राजवाड्यातला गूळ संपला. गूळ संपल्यावर त्या वेळच्या राजाला वानरांची फार दया आली आणि त्यानं एक कायदा केला.

कायदा अगदी साधा होता. चरकाच्या तोंडापुढे एक आडवी फळी असावी, म्हणजे ऊस आत जाईल, बाकी काही जाणार नाही. ऊस घालणाऱ्यानं शेपूट फडक्यानं कमरेला बांधून घ्यावं. आणि माचाणावर एकानं नुसतं बघत बसावं. काही अडकलं की त्यानं ओरडावं आणि गव्यानं थांबावं.

बघत बसायचं काम आबाला मिळालं. "होऽ हो!" अशी त्याची हाक होती. गवा डोळ्यांनी काही बघू शकत नव्हता, पण ती हाक त्याच्या पायांना ठाऊक होती. हाक आली की पाय आपोआप थांबायचे. कायदा झाल्यापासून चरकात एकाचंही शेपूट गेलं नाही. लोक कायद्याला विसरूनसुद्धा गेले. चांगल्या कायद्याचं असंच होतं.

पण अस्वलअण्णा विसरले नव्हते.

अण्णांना ती फळी दिसली की कपाळाला आठ्या पडत. फळीमुळे ऊस हळू जातो. फडकी बांधण्यात वानरांचा वेळ जातो. आणि माचाणावर बसलेला आबा तर त्यांच्या डोळ्यात कुसळासारखा सलायचा. दिवसभर बसून नुसतं बघतो आणि संध्याकाळी सगळ्यांसारखी शेंगांची ओंजळ घेऊन जातो! पलीकडच्या जंगलात म्हणे फळी नाही, फडकं नाही आणि बघणारा तर मुळीच नाही. तिथला गूळ गाड्या भरभरून जातो.

एके सकाळी अण्णा गुळाची ताजी ढेप डोक्यावर घेऊन दरबारात गेले. सिंहमहाराजांनी ढेप चाटून बघितली.

"गोड आहे," महाराज म्हणाले.

"अजून गोड झाला असता बघा, महाराज," अण्णा म्हणाले. "पण कायदा आड येतोय."

"कोणता कायदा?"

"शेपटीचा."

महाराजांना असा काही कायदा आहे हेच माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, "जुना आहे का?"

"लई जुना. तुमच्या वडिलांच्या वेळचा."

"मग वाईटच असणार," असं वडिलांच्या सिंहासनावर बसून महाराज म्हणाले. "जुने कायदे बदललेच पाहिजेत. तपासून घेऊ. समिती नेमा."

बाळांनो, समिती म्हणजे काय ते सांगतो. जे करायचं आधीच ठरलेलं असतं, ते करायला कुणीतरी सांगितलं असं वाटावं म्हणून जी नेमतात, तिला समिती म्हणतात.

समितीत कुणाला घ्यायचं यावर दरबारात बराच खल झाला. सुरक्षेचं काम आहे, तेव्हा ज्यांना जन्मात कधी इजा झाली नाही अशांनाच घ्यावं, असं ठरलं. म्हणून कासवराव अध्यक्ष झाले. त्यांच्या पाठीवर ढाल. साळिंदर सदस्य झालं. त्याच्या अंगभर काटे. दुसरं सदस्य खवलेमांजर. त्याच्या अंगावर खवले, आणि कुणी जोरात बोललं तरी ते गुंडाळून चेंडू होऊन बसायचं. सुरक्षेबाबत इतकी अनुभवी मंडळी जंगलात दुसरी नव्हती.

सोनकी दरबाराच्या दारापाशी उभी होती. तिनं हात जोडून विचारलं, "महाराज, आमच्यातलं बी कुणीतरी घ्या की. शेपटं आमची हायेत."

"तुमच्यातलं कसं घेणार?" कासवराव समजावणीच्या सुरात म्हणाले. "तुमचं हित यात गुंतलेलं आहे, बाई. समिती निःपक्ष हवी."

"मग अण्णा कसं काय हायेत?"

अण्णा विशेष निमंत्रित होते. त्यांचं हित गुंतलेलं नव्हतं, गुंतवलेलं होतं. हा फरक सोनकीला कुणी सांगितला नाही, म्हणून मी तुम्हाला सांगतोय.

समिती पाहणीला आली. आता गुऱ्हाळाची एक रीत असते. आल्यागेल्याला रस पाजल्याशिवाय सोडायचं नाही. अण्णा रीतीला पक्के होते. त्यांनी समितीला आलं-लिंबू पिळून रस दिला. मग हळदीच्या पानावर गरम गूळ दिला. मग शेंगदाणे घालून काकवी दिली. मग पुन्हा रस दिला, कारण काकवीनं तहान लागते. समिती सावलीत बसून पाहणी करू लागली. साळिंदराचे डोळे मिटले होते, पण त्याचे काटे जागे होते असं पुढे अहवालात म्हटलं आहे.

काहिलीतला उकळता रस उडाला आणि कासवरावांच्या पाठीवर पडला.

"पाठीवर कोण टकटक करतंय?" कासवराव म्हणाले.

"कुणी नाही साहेब, रस उडाला," अण्णा म्हणाले.

"असं होय. काहिलीपासून धोका नाही," कासवराव म्हणाले आणि त्यांनी दुसरं पान पुढे केलं.

मग आबाला माचाणावरून खाली बोलावलं. आबानं पाठ वळवून आपलं थोटूक दाखवलं.

"हे कधी झालं?" कासवरावांनी विचारलं.

"कायदा व्हायच्या आदी."

"आणि कायदा झाल्यावर किती शेपटं गेली?"

"एक बी न्हाई, साहेब," आबा अभिमानानं म्हणाला.

"बघा!" कासवराव इतर सदस्यांकडे वळले. "एकही अपघात नाही आणि तरी कायदा चालूच! बरं वाटल्यावरसुद्धा काढा पीत राहण्यातला प्रकार झाला हा."

आबाला उत्तर सुचलं, पण ते दुसऱ्या दिवशी. आपल्या सगळ्यांचं तसंच होतं.

सोनकी मात्र चरकापासून पुढे आली. तिनं कमरेचं फडकं सोडलं आणि आपलं लांबलचक शेपूट सगळ्यांपुढे धरलं.

"साहेब, ह्या शेपटावर मी झाडावर चढते. ह्याच्यावर तोल सांभाळते. माझं पोर ह्याला धरून झोपतंय. हे एकदा गेलं की गेलं. आबांचं गेलं, ते आजपतुर परत आलं न्हाई. फळी काढू नका. आबांना उठवू नका. आमी काय जास्तीचं मागत न्हाई, हाय तेवढं असू द्या."

समिती जरा घुटमळली. खवलेमांजरानं गुंडाळलेलं डोकं बाहेर काढलं. साळिंदराचा एक डोळा उघडला. तेवढ्यात अण्णा घाईघाईनं म्हणाले, "शेपटाचं काय ते जाणकाराला विचारू की! आमच्या भिंतीवर हाय एक."

जाणकार म्हणजे पाल. अण्णांच्या खोलीच्या भिंतीवर, दिव्याजवळ राहायची. दिव्याला येणारे किडे फुकट आणि मुबलक, त्यामुळे अण्णांबद्दल तिचं मत फार चांगलं होतं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या जंगलात अशी रूढी होती, की कुणी काही बोललं आणि त्यावर पाल चुकचुकली, की ते बोलणं खरं. मग त्यावर वाद नाही. सगळ्यांनी खाली वाकून जमिनीला बोट टेकवायचं आणि "खरंय, खरंय" म्हणायचं. तुमच्या घरातली मोठी माणसंही अशी बोटं टेकवतात ना? विचारा त्यांना का टेकवतात ते. "असं असतं" म्हणतील. त्या जंगलातही असंच असायचं.

पाल भिंतीवरून सरसरत खाली आली.

"तुमचं शेपूट कधी तुटलंय का?" कासवरावांनी विचारलं.

"अहो, कितीदा तरी!" पाल म्हणाली. "एकदा दारात सापडलं. एकदा मांजरानं धरलं. एकदा तर मीच टाकून दिलं, कंटाळा आला म्हणून."

"मग?"

"मग काय? परत आलं. तुटलेलं शेपूट परत येतं. जरा धीर धरायचा असतो." एवढं बोलून पाल थांबली, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि स्वतःच्याच बोलण्यावर स्वतःच चुकचुकली. "चुक चुक चुक."

झालं! कासवरावांनी बोट टेकवलं. साळिंदरानं टेकवलं, खवलेमांजरानं टेकवलं. अण्णांनी तर अख्खा पंजा टेकवला. चरकावरची सगळी वानरं वाकली. आबा वाकला. आणि बाळांनो, सोनकीसुद्धा वाकली. लहानपणापासूनची सवय. मन "न्हाई, न्हाई" म्हणत होतं आणि बोट जमिनीला लागलं होतं. तिला ते दिसलं तेव्हा तिनं हात चटकन मागे घेतला, पण कासवरावांनी बघितलं होतं.

"कामगारांचीही संमती आहे," ते म्हणाले. "फार समंजस वानरं आहेत तुमची, अण्णा."

अहवाल झाला. फळी काढावी, कारण ती आडवी येते. माचाणावरच्या माणसाची गरज नाही, कारण तो नुसता बघतो. फडकं बांधणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडावं, कारण वानरं आता लहान राहिली नाहीत. मात्र सुरक्षेकडे दुर्लक्ष होऊ नये म्हणून चरकाजवळ एक पाटी लावावी. पाटीवर लिहिलं होतं : "तुमचं शेपूट, तुमची जबाबदारी." वानरांना वाचता येत नव्हतं. पण पाटी सुबक होती आणि तिच्याभोवती वेलबुट्टी काढली होती.

शिवाय सुरक्षा सप्ताह साजरा झाला. चरकाला झेंडूचा हार घातला. गव्याला गंध लावलं. सगळ्या वानरांनी उजवा हात पुढे करून शपथ घेतली, की मी माझ्या शेपटास स्वतः सांभाळीन आणि त्यास इकडेतिकडे जाऊ देणार नाही. पेढे वाटले.

सप्ताह संपला आणि चरक जोरात फिरू लागला. अण्णांनी गव्याला जादा पेंड चालू केली आणि पाठीमागे काठीही चालू केली. ऊस भराभर आत जाऊ लागला. मर्जीवर सोडलेलं फडकं बांधायला वेळ मात्र कुणाच्या मर्जीवर नव्हता. कुणी बांधत बसलं की अण्णा ओरडायचे, "नटायला आलायसा व्हय रं?" हळूहळू सगळी फडकी अण्णांच्या कोठीत जाऊन पडली. सोनकी आपलं फडकं रोज घरून बांधून यायची. एके दिवशी अण्णांनी तेही मागून घेतलं. रस गाळायला कमी पडतंय म्हणाले.

आणि एका दुपारी जे व्हायचं ते झालं.

ऊन तापलं होतं. सोनकी उसाची मोळी उचलायला वळली. तिचं शेपूट मागे रुळावर टेकलं. आता तिथे फळी नव्हती. सोनकी किंचाळली. सगळी वानरं किंचाळली. पण गव्याला किंचाळण्यानं थांबायचं असतं हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याला एकच हाक ठाऊक होती आणि ती हाक देणारा आबा घरी बसून शेंगा सोलत होता. गवा आपल्या चालीनं एक फेरी पुरी करून आला.

पुढचं मी सांगणार नाही. मलाच सांगवत नाही.

जांभळीवरून पिल्लानं सगळं बघितलं. त्या रात्री ते आईला बिलगलं, आपली मूठ तिच्या पाठीमागे नेली आणि इकडेतिकडे चाचपत राहिलं. मूठ रिकामीच मिटली. त्याला झोप लागली नाही आणि सोनकीलाही नाही.

त्या दिवशीचा गूळ जरा लालसर उतरला. अण्णांनी तो केशरी गूळ म्हणून खपवला. राजवाड्यात तो फार आवडला.

वानरं तक्रार घेऊन दरबारात गेली. पुन्हा तीच समिती बसली, कारण तिला आता गुऱ्हाळाची माहिती झाली होती. पुन्हा रस, पुन्हा गूळ, पुन्हा काकवी.

"अण्णांनी सोनकीचं पोट सांभाळाय पायजे," आबा म्हणाला. "तिला आता झाडावर चढता येत न्हाई. पोराला पाठीवर घेऊन चढली आन् दोनदा खाली आली."

"पण शेपूट परत येणार आहे ना?" कासवराव म्हणाले. "सिद्ध झालेली गोष्ट आहे ती. तुम्हीच बोट टेकवलंत. परत येणाऱ्या गोष्टीची भरपाई कशी द्यायची?"

मग शेपूट यायची वाट बघायचं ठरलं. आंब्याला मोहोर आला. मोहोराच्या कैऱ्या झाल्या. कैऱ्या पिकून खाली पडल्या. शेपूट आलं नाही. सोनकी पालीकडे गेली.

"ताई, कवा येतंय ओ?"

"येतं," पाल म्हणाली. "पण आतून उमेद पाहिजे. तू सारखी रडत बसतेस, मग कसं यायचं?"

सोनकीला इतका संताप आला, की तिथेच त्या पालीला भिंतीवरून ओढून काढावंसं वाटलं. पण पिल्लू उपाशी होतं आणि काम अण्णांकडेच होतं. ती मुकाट्यानं चरकावर परत गेली.

समितीनं मात्र काम अर्धवट सोडलं नाही. कासवरावांनी अपघाताच्या मुळाशी जायचं ठरवलं. ते चरकाभोवती एक फेरी मारून आले. त्याला बराच वेळ लागला, पण ते मुळाशी पोचले.

"चरक जागच्या जागी होता," ते महाराजांना म्हणाले. "गवा आपल्या वाटेनं चालला होता. रूळ जिथे फिरायचे तिथेच फिरत होते. मग जागा सोडून नको तिथे कोण गेलं? शेपूट. अपघाताचं कारण शेपूट आहे, महाराज."

"अरे वा," महाराज म्हणाले.

"शेपूट नसेल तर शेपटीचा अपघात होणारच नाही."

दरबार थक्क झाला. इतकी सरळ गोष्ट आजवर कुणालाच कशी सुचली नाही? लगेच नवा नियम निघाला. वानरांच्या जिवाची काळजी घेण्यासाठी, शेपूट असलेल्या कुठल्याही वानराला यापुढे गुऱ्हाळात कामाला शिरू देऊ नये.

आता सांगा, वानरांनी काय करावं? जंगलातली बहुतेक फळझाडं तोडून अण्णांनी कधीच ऊस लावला होता. खायचं तर गुऱ्हाळाचंच. गुऱ्हाळाच्या कुंपणाबाहेर एक ओंडका ठेवला गेला आणि शेजारी एक खेकडा बसला. सकाळी वानरं रांगेनं उभी राहत, डोळे घट्ट मिटत आणि शेपूट ओंडक्यावर ठेवत. खेकडा आपलं काम झटपट करायचा. ओंडका कुंपणाबाहेर होता हे विसरू नका. कुंपणाबाहेर झालेली इजा कामावरची धरत नाहीत.

त्या वर्षी गुऱ्हाळात शेपटीचा एकही अपघात झाला नाही. महाराज खूश झाले. सुरक्षेबद्दल अण्णांचा सत्कार करायला ते स्वतः आले. मांडव घातला. तोरणं लावली. समितीच्या सदस्यांना पुढच्या रांगेत गाद्या दिल्या. पालीला मांडवाच्या खांबावर मानाची जागा मिळाली. आणि नव्या नियमात बसणारी पहिली कामगार म्हणून सोनकीला शाल आणि नारळ द्यायचं ठरलं.

महाराजांनी तिच्या खांद्यावर शाल घातली.

"दोन शब्द बोला, बाई," कासवराव हसून म्हणाले. "आभाराचे."

सोनकी उभी राहिली. पिल्लू तिच्या काखेत होतं. समोर सगळी वानरं बसली होती. मागून बघितलं तर सगळी एकसारखी दिसत होती.

"तुटल्यालं शेपूट परत येत न्हाई," सोनकी म्हणाली.

सगळ्यांनी खांबाकडे बघितलं. पालीनं एक किडा गिळला आणि दुसरीकडे तोंड केलं. पाल चुकचुकली नाही म्हणजे बोलणं खरं नाही. एकाचंही बोट हललं नाही. वानरांच्या डोळ्यांत पाणी होतं, प्रत्येकाला आपापलं शेपूट आठवत होतं, पण बोट मात्र मांडीवरच. पालीशिवाय खरं म्हणायची तिथे रीतच नव्हती ना!

कासवराव खाकरले. "बरं, बसा आता."

सोनकी बसली नाही. तिला समितीची ती पहिली पाहणी आठवली. पाल आपल्याच बोलण्यावर आपणच कशी चुकचुकली होती, ते आठवलं. तिनं पुन्हा मोठ्यानं म्हटलं, "तुटल्यालं शेपूट परत येत न्हाई." मग जीभ टाळूला लावली आणि स्वतःच चुकचुकली.

"चुक चुक चुक."

आणि काय सांगू बाळांनो! सगळा मांडव वाकला. आबानं बोट टेकवलं. वानरांनी टेकवलं. अण्णांचा पंजा आपोआप खाली गेला. खवलेमांजर गुंडाळलेलं होतं, त्यानं आतूनच बोट बाहेर काढून टेकवलं. कासवराव वाकले. आणि खुद्द सिंहमहाराजांचा पंजा जमिनीला लागला. "खरंय, खरंय," असा आवाज मांडवभर झाला. गुऱ्हाळात जुंपलेला गवासुद्धा हाक नसताना फिरायचा थांबला.

सगळ्यांत आधी महाराज भानावर आले. त्यांनी आपल्या पंज्याकडे बघितलं. मग कासवरावांकडे असं बघितलं, की कासवरावांनी पहिल्यांदाच डोकं ढालीत ओढून घेतलं.

आता तुम्हाला वाटेल, फळी परत आली. आबा माचाणावर परत गेला. सोनकीला न्याय मिळाला. तुम्ही फारच लहान आहात.

पण सरकार हललं, हे खरं. कधी नव्हे ते मांडवातल्या मांडवातच हललं. समितीला तिथल्या तिथे बसवलं. रससुद्धा मागवला नाही. उन्हं कलायच्या आत नवा कायदा तयार झाला, आणि तो कामगारांच्या आरोग्याचाच होता. कासवरावांनी ढालीतूनच तो वाचून दाखवला.

"असं आढळून आलं आहे," ते म्हणाले, "की वारंवार चुकचुकल्यामुळे जिभेवर ताण येतो. वानराची जीभ नाजूक असते आणि शेपटासारखी ती परत येत नाही. तेव्हा कामगारांच्या जिभेला इजा होऊ नये म्हणून कामावर असताना प्रत्येकानं तोंड फडक्यानं घट्ट बांधून घ्यावं. हे मर्जीवर नाही."

"फडकी कुठून आणायची?" महाराजांनी विचारलं.

"त्याची काळजी नको, महाराज," अण्णा म्हणाले. "कोठीत पडल्यात की. शेपटाची जुनी."

फडकी कोठीतून बाहेर आली. झटकली, पण उसाचा वास गेला नाही. सगळ्यांच्या मापाला बरोबर बसली. आणि कुणी फडकं सोडतंय का हे बघायला माचाणावर एक माणूस नेमायचं ठरलं. दिवसभर बसून नुसतं बघायचं. पाल त्या जागेवर गेली.

संध्याकाळी सोनकी घरी निघाली. तिच्या तोंडाला फडकं अजून तसंच होतं. गाठ मानेवर होती आणि फडक्याचं लांब टोक पाठीवर लोंबत होतं. ती जांभळीखाली टेकली. झाडावर चढायचं तिनं कधीच सोडलं होतं. पिल्लू तिला बिलगलं. सवयीनं त्यानं मूठ पाठीमागे नेली, चाचपली, आणि त्याच्या हाताला ते लोंबणारं टोक लागलं.

त्यानं ते घट्ट धरलं आणि कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागली. सोनकीला फडकं सोडायचं होतं. पण पोराची झोप मोडेल म्हणून तिनं ते सोडलं नाही.

तात्पर्य : कुठलाही जुना कायदा अगदीच टाकाऊ नसतो. शेपटीला नाही लागला, तर जिभेला लागतो. तेव्हा सरकार तुमच्या आरोग्याची काळजी करायला लागलं, की कुठल्या अवयवाची करतंय ते आधी विचारून घ्यावं. जीभ मोकळी आहे तोवरच विचारावं.

आणि हे आत्ता कोण चुकचुकलं? कुणी नाही? शहाणी मुलं.